मोबाइलपासून केसपेपरपर्यंत : नागपुरातील तरुणांनी मनाच्या त्रासासाठी मदत कशी मिळवावी

छिंदवाडा रस्त्यावरच्या ज्या चौकाजवळ प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याला नागपूरकर आजही सर्रास पागलखाना चौक म्हणतात. हे रुग्णालय १८६४ पासूनचे आहे आणि तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. तरीही ‘मला झोप येत नाही, तिथे दाखवून येतो’ असे घरात किंवा रूमवर सहज सांगता येईल, अशी परिस्थिती नाही. ‘काऊन बे, पागलखान्यात चालला का?’ असे विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते, पण ते ऐकलेला मुलगा पुढे कित्येक महिने या विषयावर तोंड उघडत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचेही त्याच सर्वेक्षणाने नोंदवले. डॉक्टर कमी आहेत हे त्याचे एक कारण आहे. पण नागपूरसारख्या शहरात, जेथे धंतोली आणि रामदासपेठेत पावलापावलावर दवाखाने आहेत, तेथे अडचण अंतराची कमी आणि पहिल्या पावलाची जास्त असते. कोणाला विचारायचे, काय म्हणायचे, कोणी पाहिले तर काय, खर्च किती येईल, या प्रश्नांतच वर्ष निघून जाते.

मोबाइलचा उपयोग नेमका या टप्प्यावर करायचा आहे. मी शहराच्या दक्षिण भागातील एका अभ्यासिकेत स्वयंसेवक म्हणून काम करतो; स्पर्धा परीक्षेची आणि नीटची तयारी करणारी, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडून येऊन रूम करून राहणारी मुले तेथे बसतात. तेथे पाहिलेल्या गोष्टींवरून माझे मत असे झाले आहे की, मोबाइलने पहिली विचारपूस गुपचूप करता यावी, योग्य माणूस सापडावा आणि सुरू झालेला उपचार टिकावा, इतके झाले तरी त्याचे काम झाले. उपचार शेवटी माणूसच करतो. म्हणून पुढील मांडणीत अॅपची यादी फारशी सापडणार नाही.

आधी जागा, मग फोन

मनमोकळे बोलण्यासाठी लागणारी पहिली वस्तू म्हणजे बंद होणारे दार. नंदनवन किंवा सक्करदऱ्यातील दोन खोल्यांच्या घरात, अथवा चौघे एका खोलीत राहतात अशा वसतिगृहात ते मिळत नाही. बहुतेक मुले गच्ची गाठतात, पण नागपुरात मे महिन्यात दुपारी गच्चीवर पाच मिनिटेही उभे राहवत नाही आणि संध्याकाळी तेथे सगळी इमारत हवा खायला आलेली असते. त्यामुळे फोन करण्यापूर्वी जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवावी. सकाळी लवकर बागेतील कडेचा बाक, तास संपल्यानंतरची रिकामी वर्गखोली, मित्राची रूम त्याच्या क्लासच्या वेळेत, किंवा घरी चारचाकी असेल तर सावलीत उभी केलेली ती गाडी, यांपैकी काहीही चालते. रस्त्यावरून चालता चालता बोलणे मात्र टाळावे, कारण वाहनांच्या आवाजात दोन्ही बाजूंना ‘काय? पुन्हा सांगा’ म्हणावे लागते आणि जी गोष्ट एकदा सांगणेच कठीण आहे ती दोनदा ओरडून सांगण्याची वेळ येते. माइक असलेला वायरचा हेडफोन वापरला, तर समोरच्याचा आवाज बाहेर जात नाही आणि आपल्यालाही हळू बोलता येते.

त्याच वेळी फोनकडेही एकदा नीट पाहून घ्यावे. कुलूप लागलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये यासाठी सूचनांच्या सेटिंगमध्ये तो झाकण्याची सोय असते, ती चालू करावी. आपले व्हॉट्सअॅप घरातील किंवा दुकानातील संगणकावर जोडलेले राहिले आहे का, हे ‘जोडलेली उपकरणे’ या ठिकाणी तपासावे. फोनमधील गूगल खाते लहान भावाच्या टॅबवरही चालू असेल, तर शोधलेले शब्द तिकडेही दिसू शकतात. पैसे यूपीआयने भरले आणि बँक खाते वडिलांच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले असेल, तर समुपदेशन केंद्राच्या नावासह संदेश थेट त्यांच्या फोनवर जातो. आमच्याकडील एका मुलीच्या घरी विषय फुटला तो अशाच पाचशे रुपयांच्या संदेशातून. घरच्यांपासून सगळे लपवावे असे माझे म्हणणे नाही, कित्येक आईवडील कल्पनेपेक्षा जास्त समजूतदार निघतात. परंतु त्यांना कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे त्या मुलाने किंवा मुलीने ठरवावे, बँकेच्या संदेशाने ठरवू नये.

१४४१६ वर फोन लावताना

सुरुवात करण्यासाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचे तिला मार्गदर्शन आहे. क्रमांक १४४१६ हा आहे, १८००-८९१-४४१६ या क्रमांकावरूनही तीच सेवा मिळते. फोन निःशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे मोबाइल अॅपही आले. इंटरनेटचा पॅक संपला असला तरी साध्या कॉलवर हे काम होते, आणि महिनाअखेरीस रिचार्ज संपलेल्या मुलांसाठी ही गोष्ट लहान नाही.

फोन लागताच माणूस बोलत नाही, हे आधीच माहीत असावे. पहिल्यांदा ध्वनिमुद्रित आवाज येतो आणि भाषा निवडण्यास सांगतो. त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशकाकडे कॉल जातो. आमच्या अभ्यासिकेतील एका मुलाने सलग तीन रात्री हा क्रमांक लावला आणि तिन्ही वेळा ध्वनिमुद्रित आवाज ऐकूनच ठेवून दिला. त्याला वाटले, हेही बँकेच्या ग्राहक सेवेसारखेच, एक दाबा, दोन दाबा. चौथ्या रात्री मी त्याच्या शेजारी बसलो, भाषेची कळ त्याने दाबली, आणि पलीकडून ‘बोला’ ऐकू आल्यावर मी उठून पायऱ्यांवर जाऊन बसलो. तो तेवीस मिनिटे बोलला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, पहिला आवाज यंत्राचा असेल, तेथे ठेवू नका.

पुढची अडचण पहिल्या वाक्याची. ‘मला डिप्रेशन आहे’ असे म्हणावे लागत नाही. तो निष्कर्ष काढणे समोरच्याचे काम आहे. शरीराला आणि दिनक्रमाला काय झाले तेवढे सांगावे. उदाहरणार्थ, ‘तीन आठवड्यांपासून रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागत नाही, पुस्तक उघडले की छातीत धडधड होते, मेसचा डबा तसाच परत जातो, आणि घरून फोन आला की उचलावासा वाटत नाही.’ ही चार वाक्ये आधी मोबाइलच्या नोंदवहीत लिहून ठेवावीत आणि जीभ अडखळली तर सरळ वाचून दाखवावीत. वाचून दाखवण्यात काहीही कमीपणा नाही. वऱ्हाडी किंवा झाडीपट्टीच्या बोलीत सुचत असेल तर तशीच सांगावीत. ‘जीव घाबरते’ हे कोणत्याही समुपदेशकाला कळते. पूर्ण नाव सांगावेसे वाटत नसेल, तर तसे स्पष्ट बोलावे.

फोन ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवण्याची गरज वाटते का, नागपुरात कोठे जावे, आणि पुन्हा कधी फोन करू. समुपदेशकाला आवश्यक वाटल्यास कॉल पुढच्या पातळीवरील तज्ज्ञाकडे दिला जातो. एकदा बोलून मन हलके झाले की ‘आता ठीक आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून पुढची तारीख लगेच मोबाइलच्या गजरात टाकावी. पहिल्या वेळी जुळले नाही, समोरची व्यक्ती घाईत वाटली किंवा उपदेश करू लागली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे. फोनवर दुसरी व्यक्ती असण्याची शक्यता बरीच असते.

वय १८ पेक्षा कमी असेल आणि त्रासाचे मूळ घरातील मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक अधिक उपयोगी पडतो. येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना अथवा बाल पोलीस पथकाला कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. समुपदेशक ते कळवतो तेव्हा तो विश्वासघात करत नसतो, आणि हे मुलाला आधी माहीत असलेले बरे.

जीव द्यावासा वाटत असेल तेव्हा

असे विचार येत असतील, तर अॅप, प्रश्नावली आणि पुढील भेटीची तारीख हे सगळे बाजूला ठेवावे. १४४१६ लावावा, आणि धोका त्याच क्षणी असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावून जवळच्या रुग्णालयाचा आकस्मिक विभाग गाठावा. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) या दोन्ही ठिकाणी तो रात्रीही उघडा असतो. त्या वेळी एकटे राहू नये. मित्राला ‘येतोस का?’ एवढाच संदेश पाठवला तरी पुरे, का बोलावले ते नंतर सांगता येते.

पोलीस केस होईल या भीतीने मुले आणि त्यांचे पालकही रुग्णालयात खरे सांगत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि, याउलट सिद्ध झाल्याशिवाय, तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. डॉक्टरांना खरी हकीकत कळली, तरच योग्य उपचार होतात.

बरे वाटत असलेल्या एखाद्या दिवशी मोबाइलमध्ये सुरक्षा-आराखडा लिहून ठेवावा, ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला कागद-पेनही लागत नाही. आपली अवस्था बिघडत चालल्याची पहिली खूण कोणती, म्हणजे कोणाला आंघोळ नकोशी वाटते तर कोणी तीन दिवस फोन बंद ठेवतो. अशा वेळी स्वतःला कशाने थोडे बरे वाटते. कोणत्या जागी किंवा कोणत्या माणसांत गेल्यावर विचार वळतात. कोणाला सरळ मदत मागता येते. कोणता डॉक्टर किंवा कोणता क्रमांक. आणि घातक ठरू शकणाऱ्या वस्तू खोलीतून कोणाकडे नेऊन ठेवायच्या. हे सर्व आपल्याच शब्दांत असावे. तो मजकूर फोनच्या पहिल्या पडद्यावर दिसेल असा ठेवावा आणि एका विश्वासू माणसालाही पाठवून ठेवावा, कारण वेळ आली की नोंदवहीत शोधण्याचे भान राहत नाही.

प्रश्नावली कशी वापरावी

इंटरनेटवर ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ अशा चाचण्यांचा सुळसुळाट आहे आणि त्यांतील बहुतेक करमणुकीपलीकडे काही नाहीत. डॉक्टरही वापरतात अशी एक साधी प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. तिच्यात नऊ प्रश्न आहेत; गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे आणि बेरीज ० ते २७ यांमध्ये येते. ४ पर्यंत फारसे काही नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र आणि २० पासून पुढे तीव्र असे ढोबळ टप्पे आहेत, आणि बेरीज १० किंवा अधिक आली तर तज्ज्ञांना दाखवावे असा संकेत आहे. चिंतेसाठी जीएडी-७ ही अशाच धर्तीची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे.

ही प्रश्नावली निदान करत नाही. थायरॉइडच्या तक्रारीत किंवा रक्त कमी असतानाही थकवा येतो आणि गुण वाढतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भरली तर वेगळी बेरीज येते आणि निकालानंतर वेगळी. तिचा खरा फायदा पुढे होतो. दर दोन आठवड्यांनी एकाच वारी भरून तारखेसह बेरीज लिहून ठेवली, तर डॉक्टरांसमोर ‘बरं नाही वाटत’ यापेक्षा ‘१७ वरून १२ वर आले, पण झोपेचा प्रश्न तसाच आहे’ असे सांगता येते. नवव्या प्रश्नाकडे मात्र बेरजेपेक्षा वेगळ्या नजरेने पाहावे. तो मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, आणि तेथे शून्याखेरीज काहीही आले, तर एकूण बेरीज ६ असली तरी त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे.

पलीकडे कोण आहे, याची खात्री

पडद्यावर सगळेच ‘थेरपिस्ट’ असतात. प्रत्यक्षात तीन वेगळी माणसे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहितो. महाराष्ट्रात त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो चाचण्या घेतो, मानसोपचार पद्धतीने बोलून उपचार करतो, औषध देत नाही. या दोन्ही नोंदी परिषदांच्या संकेतस्थळांवर नाव टाकून पाहता येतात. तिसरा समुपदेशक, आणि येथे जास्त सावध राहावे, कारण मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे उत्तम काम करणारे समुपदेशक याच शहरात आहेत आणि दोन दिवसांच्या ऑनलाइन शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेलेही आहेत. शिक्षण कोठे झाले, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण आला तर कोणाकडे पाठवता, हे निःसंकोच विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘मी सगळं हाताळतो’ असे उत्तर मिळाले तर दुसरीकडे जावे.

व्हिडिओवर सल्ला देणाऱ्या डॉक्टरांसाठी २५ मार्च २०२० पासून दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. त्यांनुसार डॉक्टरने आपली ओळख सांगणे आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक नसलेल्या चिठ्ठीवर औषध घेऊ नये. गैरवापराची शक्यता असलेल्या काही नियंत्रित औषधांवर दूरसल्ल्यात बंधन आहे; त्यामुळे डॉक्टरने ‘यासाठी एकदा प्रत्यक्ष या’ असे म्हटले तर ती टाळाटाळ समजू नये. उलट चॅटवर दोन ओळी वाचून झोपेची गोळी लिहून देणाऱ्यापासून लांब राहावे.

पैशाबद्दलही पहिल्याच भेटीत बोलावे. एका खाजगी ऑनलाइन व्यासपीठावर मी स्वतः सहा सत्रांचे पैसे एकदम भरले होते. तीन सत्रांत तीन वेगवेगळे समुपदेशक आले, आणि प्रत्येकाने ‘तर मग, सुरुवातीपासून सांगा’ म्हटले. तिसऱ्या वेळी मी वडिलांच्या आजारपणाची हकीकत अशी सांगत होतो की जणू दुसऱ्या कोणाचीतरी सांगतो आहे. तेव्हापासून मी पहिले सत्र सुटे घ्यावे, तोच समुपदेशक पुढे मिळेल का ते लेखी विचारावे आणि रद्द केल्यास पैसे परत कसे मिळतात ते वाचावे, असे सुचवतो.

अॅपला काय सांगावे आणि काय सांगू नये

मनाची माहिती विकली जाऊ शकते, ही कल्पना नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका ठेवला, आणि ७८ लाख डॉलर भरण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटले. म्हणून कोणतेही अॅप घेताना ते संपर्क यादी, स्थान किंवा फोटो मागते का ते पाहावे. श्वासाचा व्यायाम शिकवणाऱ्या अॅपला आपल्या संपर्क यादीचे काहीच काम नसते. फेसबुक किंवा गूगल खात्याने प्रवेश करण्याऐवजी वेगळा ईमेल वापरावा, आणि खाते कायमचे पुसून टाकण्याची सोय आहे का, हे सुरुवातीलाच शोधावे.

भारतात मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद वगळता उपचार करणाऱ्याला माहिती उघड करता येत नाही. मात्र हा हक्क उपचार करणाऱ्यांबाबत आहे. मनःस्थितीची नोंद ठेवणारे एखादे खेळवजा अॅप स्वतःला उपचार म्हणवत नसेल, तर त्याच्याशी बोलताना आपण दवाखान्यात आहोत अशा समजुतीत राहू नये.

अलीकडे बरीच मुले रात्री कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटशी बोलतात. मी त्यांना रागावत नाही. रात्री तीन वाजता जागा असणारा दुसरा कोण आहे? डॉक्टरांना काय विचारावे याची यादी काढणे, इंग्रजीतील अहवालाचा अर्थ मराठीत समजून घेणे, किंवा आईला लिहायच्या पत्राचा मसुदा करणे, यासाठी ते चांगले साधन आहे. पण ते आपल्या म्हणण्याला मान डोलावण्याकडे झुकते, आपला चेहरा त्याला दिसत नाही आणि आपण तीन दिवस बोललो नाही तर ते शोधायला येत नाही. औषध सुरू करणे, बंद करणे आणि जीव नकोसा होणे, या तीन गोष्टी त्याला विचारू नयेत.

प्रत्यक्ष ओपीडीत

फोनवरून सल्ला मिळाल्यावर बहुतेकांची गाडी येथे अडते. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत. मेडिकल किंवा मेयोत केसपेपर काढला, तर रांगेतल्या कोणालाही आपण त्वचा दाखवायला आलो की मन, हे कळत नाही. पागलखाना चौकाची धास्ती ज्यांना आहे, त्यांना मी आधी मेडिकल किंवा मेयोतच पाठवतो. प्रादेशिक मनोरुग्णालयात मात्र सगळे याच कामाचे आहेत, आणि एकदा भीड चेपली की तेथे काही समजावून सांगावे लागत नाही.

ज्या रुग्णालयात नोंदणी खिडकीजवळ क्यूआर कोड लावून ‘स्कॅन अँड शेअर’ची सोय केलेली असते, तेथे आभा क्रमांक असलेल्या फोनवरून कोड टिपला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळते, लांब रांगेत उभे राहणे वाचते. आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आहे. तो काढला म्हणून सर्व कागद आपोआप सगळ्यांना दिसत नाहीत, नोंदी जोडण्यास आणि दाखवण्यास आपली संमती लागते, त्यामुळे मानसोपचाराची नोंद जोडायची की नाही हे आपण ठरवावे.

ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून फोनमध्ये एकच पान तयार ठेवावे: त्रास कधीपासून, प्रश्नावलीच्या बेरजा, सध्या चालू असलेली कोणतीही औषधे, दारू-तंबाखू-गांजा घेत असल्यास तेही खरे, आणि घरात कोणाला असा आजार होता का. औषध सुरू झाल्यावर गोळीच्या वेळेचा गजर लावावा आणि त्याला साधे नाव द्यावे. ‘गोळी’ ऐवजी ‘पाणी’ लिहिले तरी आपल्याला कळते. नैराश्यावरील बहुतेक औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि त्रासदायक परिणाम मात्र आधी दिसतात. नेमक्या याच दिवसांत मुले गोळी सोडून देतात. सोडण्याआधी फोन करावा. पाठपुराव्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही निःशुल्क व्हिडिओ सेवा आहे, आणि आपला डॉक्टर व्हिडिओवर पाहत असेल, तर दरवेळी सुट्टी काढण्याची गरज राहत नाही. मिहान किंवा बुटीबोरीत पाळीत काम करणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो.

अभ्यासिका, वसतिगृह आणि क्लास चालवणाऱ्यांसाठी

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेल्या निर्देशांत, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा आणि टेली-मानससह मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात व संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लावावेत, असे सांगितले आहे. हे निर्देश शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. क्रमांक लावणे सोपे, पण तो कोठे लावला यावर सगळे ठरते.

आम्ही पहिला फलक थंड पाण्याच्या मशीनजवळ लावला, रंगीत, क्यूआर कोडसह. दोन महिन्यांत तो कोणी स्कॅन करताना दिसले नाही, आणि का करेल? तेथे कायम चार जण बाटल्या भरत असतात, आणि फोन त्या कागदासमोर धरणे म्हणजे आपले गुपित सगळ्यांना वाचून दाखवणे. मग आम्ही साधा काळा-पांढरा कागद शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला आणि खालच्या कडेला, भाड्याच्या खोलीच्या जाहिरातीला असतात तशा, १४४१६ लिहिलेल्या फाडून घ्यायच्या पट्ट्या कापल्या. पहिल्या आठवड्यात मुलांच्या बाजूच्या सात आणि मुलींच्या बाजूच्या अकरा पट्ट्या गेल्या.

व्हॉट्सअॅप गटावर क्रमांक टाकायचा असेल तर परीक्षेच्या वेळापत्रकासारखा, महिन्यातून एकदा, कोणताही भावनिक मजकूर न जोडता टाकावा. कोणाच्या आत्महत्येची बातमी, छायाचित्र किंवा चिठ्ठी गटावर फिरू देऊ नये. आली तर गटप्रमुखाने ताबडतोब काढून टाकावी. एखादा सदस्य अचानक गट सोडून गेला किंवा रात्री-अपरात्री निरोपाची भाषा लिहू लागला, तर गटावर ‘काय झालं रे?’ विचारण्यापेक्षा त्याच्या जवळच्या एकाने थेट फोन करावा, आणि तो उचलत नसेल तर रूमवर जावे. जीव द्यायचा विचार येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. विचारणाऱ्याने फक्त उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारावे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला फलकावरील प्रत्येक क्रमांक आपण स्वतः लावून पाहावा, चालू आहे याची खात्री करावी आणि दारामागचा कागद बदलावा. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याची मूळ प्रत कायम असते; पट्ट्या आता तोच कापून देतो.